मंचावरची विविधता आणि डब्यातले अंडे

डिसेंबर-जानेवारी आला की गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. 'विविधतेत एकता' हा कार्यक्रम तर ठरलेलाच. कुणी फेटा बांधून शीख होतो, कुणी टोपी घालून मुसलमान, कुणी कोळीण, कुणी लमाणी. डोक्याला पिसे बांधून, अंगाला काळा रंग फासून चार मुले 'हुर्र हुर्र' करीत नाचतात. ते म्हणे आदिवासी! पालक टाळ्या वाजवतात, प्रमुख पाहुणे भारताच्या महान संस्कृतीवर बोलतात आणि विविधतेचे गाठोडे पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जाते.

आमच्या वस्तीतली एक मुलगी अशाच एका कार्यक्रमात लमाणी झाली होती. पाचवीत शिकते. आजीने चार दिवस खपून तिचा घागरा शिवला. संमेलनाच्या दुसऱ्याच आठवड्यात पोरीने डबा न उघडता घरी आणला. आजीने विचारले, "काय गं बाय, जेवली का नाहीस?" पोर म्हणाली, "आजी, उद्यापासून अंड्याची पोळी नको देऊस. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, असला डबा वर्गात उघडायचा नाही." आजी गप्प बसली. ज्या शाळेला पोरीचा घागरा चालतो, त्या शाळेला तिचा डबा का चालत नाही? मंचावर जिचे कौतुक, तिला वर्गात लाज का वाटावी? बहुसांस्कृतिक शिक्षणाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

डब्याचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायला मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात एकदा गुरुजींनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून इतर मुलांनी धावत जाऊन ते उचलले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली.

आता विचार करा. त्या वर्गात विविधता नव्हती काय? होती! अनेक जातींची, अनेक घरांची मुले एका छपराखाली शिकत होती. विविधता होती, पण समता नव्हती. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे की ज्या विविधतेला समतेचा आधार नाही, ती विविधता म्हणजे चातुर्वर्ण्याचेच रंगीत चित्र. जातिव्यवस्थेनेही विविधता जपलीच होती. प्रत्येकाचा वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, वेगळे मसण!

'बहुसांस्कृतिक शिक्षण' हा शब्द आज परिषदांतून आणि धोरणांतून मिरवतो. तो कुणा राज्यकर्त्याच्या उदारपणातून जन्मलेला नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या लढ्यातून तो आला. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारी महिन्यात निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला, कारण शाळेच्या पुस्तकात काळ्या माणसाला इतिहासच नव्हता. १९३३ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवून दिले की गोऱ्यांचे गोडवे गाणारे शिक्षण काळ्या मुलाला स्वतःचाच तिरस्कार करायला शिकवते. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दार उघडले, पण आत पुस्तक तेच राहिले. मग ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या काळ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्यासोबत आशियाई, मेक्सिकन, मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या आघाडीने संप पुकारला. आमचा इतिहास शिकवा, आमचे अध्यापक नेमा, आमच्या मुलांना प्रवेश द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. पोलिसांच्या लाठ्या खाऊन मार्च १९६९ पर्यंत त्यांनी संप चालवला आणि वंचित समाजांच्या अभ्यासाची स्वतंत्र विद्याशाखा मिळवली.

या विचाराला शिक्षणशास्त्राची बैठक देणाऱ्यांत जेम्स बँक्स यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांनी शिक्षकांना एक इशारा दिला होता. सण साजरे करणे आणि थोर पुरुषांच्या तसबिरी लावणे ही सर्वांत खालची पायरी आहे. जुन्या अभ्यासक्रमाला एखादा धडा चिकटवणे ही तिच्या वरची. खरे काम त्याच्याही पुढे आहे. अभ्यासक्रमाची चौकट बदलून खाली दाबलेल्यांच्या नजरेतून इतिहास पाहायला शिकवावे लागते आणि अन्याय दिसला तर कृती करण्याचे बळ विद्यार्थ्याला द्यावे लागते. आमच्या शाळा अजून पहिल्या पायरीवरच फोटो काढीत उभ्या आहेत!

आणि वरच्या पायऱ्या चढू लागले की सत्ता कशी बिथरते तेही पाहा. ॲरिझोना राज्याने २०१० साली कायदा करून टक्सनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने ती कारवाई वांशिक द्वेषापोटी झालेली व घटनाबाह्य ठरवली. नाचगाण्याला कुणी बंदी घालत नाही. बंदी येते ती इतिहासावर.

अमेरिकेचा दाखला आम्ही परकेपणाने देत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली काळ्यांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला, तो तिथल्या आंबेडकरी विद्यार्थी-कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे.

परंतु या विचाराचे मूळ शोधायला साता समुद्रापार जाण्याची गरज नाही. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकाविषयी ते काय म्हणाले याकडे मात्र दुर्लक्ष होते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला त्यांना लाज वाटू नये आणि खालच्या थरातील लोकांत त्यांनी सहज मिसळावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या घराची भाषा, घराचे अन्न, घराचे कष्ट ज्याला परके वाटतात, तो त्या मुलाला काय शिकवणार? त्याआधी १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्या शाळेत मुलगी स्वतःच्या समाजाचे दुःख निर्भयपणे लिहू शकते, ती खरी बहुसांस्कृतिक शाळा! तिला घागऱ्याची गरज पडली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, कारण खेड्यातून आलेल्या पोराला आधी राहायला जागा आणि दोन घास हवे होते. पण १९१९ साली त्यांनीच हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत बसवले. आधार वेगळा असू शकतो, वर्ग मात्र एकच असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राबली, एका पंगतीत जेवली.

आणि बाबासाहेबांनी काय केले? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. ही नावे सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हा भिक्खू. राजाने बिनधास्त प्रश्न विचारले, भिक्खूने न रागावता उत्तरे दिली. दोन संस्कृतींची ती भेट प्रश्नोत्तरांतून झाली. ज्या वर्गात प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे तिथेच संस्कृती एकमेकींना भेटतात, हा धडा त्या नावातच आहे. त्याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे रक्त सांडावे लागले, हेही विसरता येणार नाही. एका नावाला इतका विरोध होतो, तेव्हा विद्येच्या घरावर कुणाची पाटी असावी हाच झगडा असतो.

आता आजच्या शाळा-महाविद्यालयांना तीन ठिकाणी तपासून पाहू या.

पहिले, दार. शिक्षण हक्क कायदा २००९ ने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. गरिबाचे आणि श्रीमंताचे मूल एका बाकावर यावे हाच त्यामागचा हेतू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. न्यायालयात धाव घेणारे लोक नसते तर तो बाक रिकामाच राहिला असता.

दुसरे, ताट. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जो खात नाही त्याला केळे. कुणावर सक्ती नव्हती. तरीही विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा निधी बंद करून ती जबाबदारी लोकवर्गणीवर ढकलली. त्याआधी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात जेवणाची टेबले 'केवळ शाकाहारी' म्हणून वेगळी करण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड ठोठावला गेला. कुणी शाकाहारी असण्याला आमचा मुळीच विरोध नाही. पण एकाच्या ताटाला पवित्र ठरवून दुसऱ्याला उठवणे ही जुनीच शिवाशिव आहे.

तिसरे, भाषा आणि पुस्तक. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. राज्यघटनेचे कलम ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. मंचावर पिसे बांधलेला नकली आदिवासी चालतो, स्वतःच्या भाषेत शिकणारा खरा आदिवासी मात्र चालत नाही! ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तथागतांचा उपदेश जपणारी ही भाषा किती शाळांत शिकवली जाते?

काहीजण म्हणतील, मुलांच्या मनात जात कशाला आणता? मुले निरागस असतात. आम्ही विचारतो, डबा बंद करायला सांगणाऱ्या बाई निरागस होत्या काय? जात वर्गात आम्ही आणत नाही. ती आधीच तिथे बसलेली आहे. तिचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले की फायदा तिचाच होतो. हैदराबाद विद्यापीठाचा रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. त्या दोघांच्या मातांना महाविद्यालयांतील जातिभेद थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. आपल्यातील शिकलेला वर्ग आपल्या मुलांना महागड्या शाळेत घालतो आणि तिथे आडनाव लपवायला शिकवतो. आपल्याच वस्तीशेजारी पालात राहणाऱ्या पारध्याच्या, वडाराच्या पोराला आपली पोरे हिणवतात तेव्हा आपण गप्प बसतो. आपण चालवत असलेल्या संस्थांत भटक्या-विमुक्तांची, आदिवासींची, मुस्लिमांची मुले किती आहेत, हे कधी मोजले काय? बाबासाहेबांची महाविद्यालये सर्वांसाठी होती, हे विसरून चालणार नाही.

शेवटी, करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आहे. तिच्यात पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळाल्या पाहिजेत. आपल्या शाळेच्या समितीवर आपली आई-बहीण आहे काय, हे याच आठवड्यात जाऊन विचारा. सभेला जा, सही करून परत येऊ नका. पोषण आहारात काय शिजते, पंगत एकत्र बसते काय, पाण्याच्या माठाला सगळ्यांचा हात लागतो काय, ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालून झाल्यावर त्यांचे कार्य वर्गात शिकवले जाते काय, हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. खासगी शाळेत समिती नसली तरी पालक सभा असते. तिथेही एकट्याने जाऊ नका, चौघे मिळून जा.

आमच्या वस्तीतली ती आजी गेल्या पालक सभेला गेली. सोबत पाच बायका होत्या. तिने बाईंना एवढेच विचारले, "बाई, माझ्या नातीचा घागरा तुम्हाला आवडला, मग तिचं जेवण का आवडत नाही?" बाईंना उत्तर देता आले नाही. पोरगी आता डबा उघडते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा बाबासाहेबांचा आदेश एका आजीने एका डब्यापुरता पाळला. प्रत्येक शाळेत अशी एक आजी उभी राहिली पाहिजे.

जयभीम!