पपई ‘नर’ निघाली? कुऱ्हाड उचलण्याआधी हे ऐका

आजचा प्रश्न आलाय आर्वीकडून, व्हॉइस नोटवर. “दादा, गेल्या पावसाळ्यात रेड लेडी पपई लावली. मस्त फुलून राहिली, पण मे लागला अन् फळ धरणंच बंद. शेजारचे म्हणतात नर निघाली, तोडून टाक. तोडू का?”

थांबा. आधी फूल बघू.

पपईत झाडं तीन प्रकारची. नर झाडाला लांब, लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे झुपके येतात. मादी झाडाचं फूल खोडाला चिकटून, बुडाशी फुगीर, आत पुंकेसर नाहीतच, फळ गोलसर. तिसरं उभयलिंगी: एकाच फुलात पुंकेसरही आणि अंडाशयही. याचं फळ लांबट, बाजारात याला जास्त मागणी.

आता गंमत बघा. रेड लेडी या संकरित जातीत झाडं मादी किंवा उभयलिंगी असतात. नर नसतातच. मग फळ का नाही?

कारण ऊन. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत, त्यातून पाण्याचा ताण पडला तर, उभयलिंगी झाडाच्या कळीत अंडाशय नीट वाढतच नाही. फूल उमलतं, त्यात पराग असतो, पण फळ बनायला लागणारा भागच नसतो. म्हणजे फूल कामापुरतं नर होतं. झाडाचा हिशोब सरळ आहे: फळ पोसायला पाणी आणि अन्न भरपूर लागतं, पराग बनवायला त्यामानाने कमी. थंडीत याच्या उलट होतं. पुंकेसर अंडाशयाला चिकटतात आणि वेडंवाकडं फळ येतं. मादी झाड मात्र असं बदलत नाही.

म्हणजे झाडाचं मूळ लिंग बियाण्यातच ठरतं, पण फूल कसं येईल यात हवामानाचाही हात असतो. हे फक्त पपईचं नाही. भांगेचं उदाहरण घ्या. तिच्यात नर आणि मादी झाडं सहसा वेगळी. इंग्रजांच्या काळात वर्धा मध्य प्रांतात होता, आणि त्याच प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात, खंडव्याकडे, सरकारी परवान्यावर गांजाचं पीक निघायचं. १८९३-९४ साली सरकारने यावर चौकशी आयोगही नेमला होता. शेतकरी नर रोपं शोधून उपटायचे, कारण पराग पडला की मादी फुलांत बी धरतं आणि माल हलका होतो. तरी बी सापडायचंच! कारण ताण पडला की मादी झाडावरही चार-दोन नर फुलं येऊ शकतात. आज १९८५ च्या कायद्याने ही लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे आपण पपईकडेच परत येऊ.

तर दादा, करायचं काय?

एक, देठ बघा. लांब लोंबते झुपके असतील, तर ते रोप रेड लेडीचं नव्हतंच. रोपं देणाऱ्याला फोटो दाखवून विचारा. दोन, फुलं खोडाजवळ आणि लांबट असतील, तर झाड उभयलिंगी आहे. तोडू नका. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाणी थोडं थोडं पण नियमित द्या. पाऊस पडून हवा निवली की नव्या कळ्या बघा, फळ पुन्हा धरू शकतं. मधल्या काळात खोडावर फळांविना मोकळा पट्टा राहील, तो यंदाच्या उन्हाळ्याची खूण समजा.

तीन, जुन्या देशी जातीचं बी लावलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे साधारण निम्मी झाडं नर निघतात. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फुलं आल्यावर निवड करायची. पण सगळे नर काढू नका! दहा माद्यांमागे एक ठेवा, नाहीतर पराग येणार कुठून?

झाड वाढवायला आठ-दहा महिने लागले, तोडायला दोन मिनिटं लागतात. फुलाचा जवळून फोटो काढा, आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!