संशयाचा शिरस्ता

ज्याच्या आतड्याला गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही, त्याच्या आहाराचा विचार करू लागले म्हणजे प्रथमदर्शनी असे वाटते की हा केवळ पोळी सोडण्याचा प्रश्न आहे, आणि ज्या मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या ज्वारीच्या भाकरीवर माणसांनी आयुष्ये काढली तेथे तरी तो बिकट ठरू नये. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे नायगाव हे अशाच ज्वारीच्या, तुरीच्या आणि अलीकडे सोयाबीनच्या मुलखातले तालुक्याचे गाव. जुन्या माणसांच्या आठवणीत येथे गव्हाची पोळी होई ती सणावारी किंवा पाहुणा आला तर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या विकाराचे, म्हणजे सीलिअॅक रोगाचे, प्रमाण उत्तर भारतातील प्रौढांत शेकडा 1.23, तर दक्षिणेत शेकडा 0.10 इतके आढळले, आणि या तफावतीचा संबंध अभ्यासकांनी गव्हाच्या सेवनाशी जोडला. आमचा मुलूख या दोहोंच्या मधला. त्यामुळे येथे या रोगाचे नावही फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसते, आणि ‘गहू चालत नाही’ असे सांगितले की समोरचा माणूस सहानुभूतीने विचारतो, ‘मग रवा चालंल ना?’

आमच्या सूनबाईंचे निदान रक्ताच्या चाचणीने आणि त्यानंतर लहान आतड्यातील सूक्ष्म तुकड्याच्या तपासणीने पक्के झाले, तेव्हापासून घरातील खरेदीचे खाते माझ्याकडे आले. कारण सेवानिवृत्त शिक्षकापाशी वेळ असतो, चष्मा असतो, आणि बारीक अक्षरांतील मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची सवयही असते. त्यांची प्रकृती या बाबतीत अतिशय नाजूक. यत्किंचित अंश पोटात गेला तरी दोन-दोन दिवस अंथरूण सुटत नाही. अशा माणसाने चीज खावे की नाही, खावे तर कोणते, हा प्रश्न नायगावात कोणाला चैनीचा वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. ग्लुटेनने आतड्याचे अस्तर झिजलेले असते तेव्हा दुधातील साखर पचवण्याची शक्तीही काही काळ मंदावते, हाडांना चुना कमी पडतो, आणि पेलाभर दूध पोटाला जड जाते. मुरवलेल्या चीजमध्ये ती साखर नाममात्र उरते, प्रथिने आणि चुना मात्र भरपूर. म्हणून शाळेत शिकवायला जाणाऱ्या आमच्या सूनबाईंच्या डब्यात भाकरीबरोबर चीजची वडी आली, आणि तिच्या निवडीची तजवीज माझ्या गळ्यात पडली.

गव्हाचा हा दोष उघडकीस आला त्याची हकीकत विलक्षण आहे. सॅम्युएल गी या इंग्रज वैद्याने 1888 साली रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि उपाय आहारातच असला पाहिजे असे सांगितले, परंतु आहारातले नेमके काय, हे त्याला उमगले नव्हते. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि भोवतालची जनता अन्नावाचून तडफडत असताना या रोगाने आजारी असलेली मुले मात्र सुधारू लागली. 1950 साली उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी आपल्या निरीक्षणांची मांडणी केली. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहेत. ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि मका निर्दोष ठरले आहेत.

आरोपी ठरल्यावर प्रश्न उरतो मात्रेचा. आंतरराष्ट्रीय दंडकाप्रमाणे, आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणेही, एका किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल तरच त्याला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून मी एकदा कागदावर हिशेब मांडला: मैद्याच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने 80 मिलिग्रॅम ग्लुटेन धरले, तर तो एक ग्रॅम मैदा, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत मावणारी पूड, चार किलो ज्वारीच्या पिठाला या मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवण्यास पुरेसा आहे. हा हिशेब एकदा समजला की मनुष्य दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. एक तर तो ‘इतके कोण पाहणार’ म्हणून हात टेकतो, किंवा दुधाने तोंड पोळल्यागत ताकही फुंकून पिऊ लागतो आणि हळूहळू खाण्याचे जिन्नसच संपवून बसतो. दुसरे टोक सावधपणाचे दिसते खरे. पण सर्वच गोष्टींवर सारखाच संशय घेणारा मनुष्य लवकर थकतो, आणि थकलेला मनुष्य नेमक्या त्या ठिकाणी बेसावध राहतो जेथे धोका असतो. संशयालाही शिरस्ता हवा, हे मी चीजच्या निमित्ताने शिकलो.

चीज मुळात काय आहे हे पाहिले म्हणजे अर्धा संशय तेथेच फिटतो. दूध कोमट करून त्यात विरजणाचे जिवाणू सोडतात, नंतर मुलायम घट्ट थर धरावा म्हणून रेनेट नावाचे विकर घालतात, आपल्याकडे बहुधा सूक्ष्मजीवांपासून काढलेले. थर धरला की त्याचे तुकडे करून निवळी काढून टाकतात, मीठ घालतात, दाबतात आणि महिनोन्‌महिने मुरत ठेवतात. दूध, विरजण, विकर, मीठ: या चौघांत गव्हाचा संबंध कोठेच नाही. आपण ज्या चौकोनी वड्या आणि चकत्या घेतो ते प्रक्रिया केलेले चीज असते. त्यात मुरलेले चीज किसून सोडियम सायट्रेटासारख्या क्षारांसह तापवून एकजीव करतात. या क्षारांचे, केशरी छटा देणाऱ्या अॅनाटो रंगाचे आणि सॉर्बिक आम्लासारख्या परिरक्षकाचे आकडे वेष्टनावर पाहून पुष्कळांची छाती दडपते. परंतु 331 काय, 160बी काय, किंवा 200 काय, ग्लुटेनशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही.

येथे एका परदेशी अपवादाची कैफियत ऐकून घेणे रास्त होईल. फ्रान्समधील रॉकफोर या निळ्या बुरशीच्या चीजसाठी लागणारी बुरशी परंपरेने रायच्या पावावर वाढवीत, आणि काही ठिकाणी आजही वाढवतात. ही माहिती वाचून कित्येक रुग्ण निळ्या चीजचे नावच टाकतात. कॅनडात झालेल्या तपासणीत मात्र अशा तयार चीजमध्ये ग्लुटेनचा मोजता येण्याजोगा अंश सापडला नाही. नायगावच्या दुकानातील शीतपेटीत हे चीज यायचे नाही हे उघड आहे, तरीही मी ते येथे आणले याला कारण आहे. फ्रान्समधील बुरशीची चौकशी करताना आपल्या फोडणीच्या डब्याकडे दुर्लक्ष झाले, तर ती काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होते.

आता प्रत्यक्ष दुकानात येऊ. आमच्याकडील किराणा दुकानांतील शीतपेटीत आइस्क्रीमच्या शेजारी चीजच्या वड्यांचे खोके, चकत्यांचे पाकीट, कधी अख्खी लादी, कधी पिझ्झावर पेरायचे किसलेले चीज, आणि एखादी भाकरीला लावायची मऊ चीजची डबी, एवढा माल असतो. वेष्टन हा दस्तऐवज आहे असे समजून तो मी ठरावीक क्रमाने वाचतो. पुढच्या बाजूवरील गायीचे चित्र आणि ठळक अक्षरे मी वाचीतच नाही. थेट मागे वळतो आणि घटकांच्या यादीखालची ‘यात समाविष्ट आहे’ ही ओळ शोधतो, कारण 2020 च्या नियमांनी गहू, जव, राय यांसारखी ग्लुटेनयुक्त धान्ये पदार्थात असतील तर त्यांची वर्दी तेथे स्वतंत्रपणे देणे बंधनकारक केले आहे. नंतर ‘अंश असू शकतात’ ही ओळ, जी कारखान्यातील शेजाऱ्यांविषयी बोलते. सर्वांत शेवटी संपूर्ण यादी, आणि तिच्यात एकच शब्द विशेष डोळ्यांत तेल घालून: माल्ट. माल्ट बहुधा जवाचे असते, आणि नुसता ‘गहू’ शोधणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते.

या वाचनातून माझ्या मनात मालाची एक प्रतवारी तयार झाली आहे. लादी पहिली, वड्या आणि चकत्या तिच्या पाठोपाठ. किसलेल्या चीजचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च अथवा सेल्युलोज भुरभुरलेले असते; ते स्वतः निरुपद्रवी, पण घटक वाढला की वाचन वाढते. मऊ चीजच्या डबीत स्वाद आणि घट्ट करणारे पदार्थ येतात, तेथे अधिक थांबावे लागते. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आणि स्टार्च घालून केलेला चीजसदृश पदार्थ त्याच्याही खाली. आणि चीजची केवळ चव असलेला मसाला, जो चिप्सवर आणि मक्याच्या लाह्यांवर टाकतात, तो तर चीजच्या कुळातला नव्हेच. तो स्वतंत्र इसम समजून त्याची स्वतंत्र चौकशी करावी.

सुट्या पनीरापाशी मात्र वाचायला कागदच नसतो. डेअरीत ते परातीत, पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याखाली येते. विचारले तर मालक म्हणतो, ‘ह्यात काय बी नसतं गुरुजी, निव्वळ दुधाचंच हाय.’ त्याच्या सचोटीवर माझा विश्वास आहे, परंतु त्याने ते केलेले नसून आणलेले असते. पनीरात आणि खव्यात स्टार्च मिसळण्याची खोड जुनी असल्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरी करता येण्याजोगी एक चाचणी सांगितली आहे, ती मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर करतो. सुपारीएवढा तुकडा चुरून चमचाभर पाण्यात उकळायचा आणि पुरता थंड होऊ द्यायचा. ही थंड होण्याची अट महत्त्वाची, कारण गरम द्रावात स्टार्चाचा निळा रंग धरतच नाही आणि निष्कर्ष उलटा निघतो. मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब. शुद्ध पनीरात थेंब तपकिरी पडतो आणि फिकट पिवळसर होत पसरतो. स्टार्च असेल तर थेंबाच्या कडेपासून निळा-जांभळा रंग फुटतो आणि बघता बघता शाईसारखा काळसर होतो.

परंतु या चाचणीचा अधिकार किती, हे समजून घेतल्यावाचून तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. आयोडिन स्टार्च दाखवते, आणि ग्लुटेन हे प्रथिन आहे. निळा रंग आला म्हणजे मैदाच असेल असे नाही, आरारूट किंवा मक्याचे पीठही असेल. आणि रंग आला नाही म्हणजे किलोत 20 मिलिग्रॅमची मर्यादा पाळली गेली, असा दाखला ती देऊ शकत नाही. ती लबाडी पकडते, संसर्ग पकडत नाही. म्हणून निळे आले तर माल परत, एवढाच हुकूम मी तिच्याकडून घेतो. निळे न आल्यास परवानगी मात्र तिच्याकडून घेत नाही. सूनबाईंसाठी पनीर घरीच होते. म्हशीचे दूध उकळून खाली उतरवायचे, लिंबाच्या रसाने नासवायचे, हिरवट निवळी सुटली की पांढऱ्या फडक्यात बांधून पाटाखाली दाबायचे. फडके पिठाच्या हातांचे नसावे, एवढी एकच दक्षता.

आणि येथूनच संशयाची दिशा फिरते. चीज निर्दोष, पनीर घरचे, तरी ते कापले जाते कोणत्या सुरीने? ज्या किसणीवर सकाळी पाव चोळून चुरा केला तिच्यावर ते किसले, ज्या तव्यावर पोळ्या झाल्या त्यावर ते परतले, तर लादीच्या शुद्धतेचा उपयोग काय? ढाब्यावरील पनीर चिलीचे तुकडे मैद्यात घोळवून तळतात, आणि तिच्यातील सोया सॉसमध्ये बहुधा गहूच असतो. दोष मात्र लागतो पनीराला. घरच्या फोडणीतील बांधानी हिंग म्हणजे मूळ हिंगात डिंक आणि पुष्कळदा मैदा मिसळून केलेला माल. ज्या घरातून पाव हद्दपार झाला त्या घरातही तो निर्वेधपणे आमटीत पडत राहतो. गिरणीची गोष्ट याहून गंभीर. आमचा गिरणीवाला भला माणूस. तो म्हणतो, ‘आत्ताच गहू निघालाय, तुमचं दळण उद्या सकाळी पहिलं लावू.’ परंतु रात्री शेवटी गहूच दळला गेला असेल तर दगडांच्या खाचांत आणि पिठाच्या कापडी नळीत तो सकाळीही बसलेलाच असतो, आणि चिमटीचा हिशेब मी वर मांडलाच आहे. अखेर आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही पडणार नाही असा दंडक घातला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहारशास्त्रातही चालतो. आमच्या घरात बरेच दिवस चीज हा तो संन्यासी होता, आणि चोर गिरणीत आणि हिंगाच्या डबीत बसले होते.

अलीकडे मी दुकानात ‘यात गहू आहे का?’ असे विचारणे सोडून दिले आहे. या प्रश्नाला नायगावात सर्वत्र एकच उत्तर मिळते, ‘नाही’, आणि ते खोटेपणाने नव्हे तर चांगुलपणाने दिलेले असते. आजारी सुनेसाठी आलेल्या म्हाताऱ्याला नाराज करण्याची कोणाची इच्छा नसते. त्याऐवजी मी विचारतो, ‘हे कशाने कापता?’ मग दुकानदार विचार न करता सुरी उचलून दाखवतो; तिच्या मुठीपाशी पावाचा चुरा आहे की नाही ते मी माझ्या डोळ्यांनी पाहतो. लग्नाच्या मांडवात आचाऱ्यालाही मी ‘गव्हाचं काही?’ असे न विचारता ‘रस्सा कशाने दाट केला?’ असेच विचारतो, आणि तो मोठ्या अभिमानाने सगळी कृती सांगून टाकतो. सुरी स्वच्छ नसेल किंवा कृतीत मैदा निघाला तर वाद घालण्याचे कारण उरत नाही: दुकानात बंद खोक्यातली लादी घ्यावी, मांडवात पांढरा भात आणि दही घ्यावे, आणि घरी आल्यावर स्वतःच्या सुरीने चीजची जाड वडी कापून भाकरीशी निश्चिंतपणे खावी.