जुन्या खोदयंत्राचे हायड्रॉलिक : पंप बदलण्यापूर्वी



उसाचे बिल हाती पडले की आपल्यातले काहीजण जुना जेसीबी किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे खोदयंत्र घेतात. ठिबकच्या पाइपलाइनला चर काढणे, पाणथळ रानाचा निचरा, प्रेसमडचे ढीग भरणे ही कामे आपल्याकडे निघतच असतात. घरचे मशीन असले की तासावारी भाडे वाचते, वर चार शेजाऱ्यांचेही काम होते. हिशेब बरोबर आहे. तो बिघडतो कुठे, तर दोन महिन्यांत बूम वजन उचलेनाशी होते, मिस्त्री येतो आणि टाकी न उघडताच सांगतो, "पंप गेला." पंप बदलला जातो, बिलातले पैसे त्यात जातात आणि बूम आहे तशीच राहते. म्हणून हा विषय आम्ही या अंकात घेतला आहे.

यातली काही मशिने घाटाखालून येतात. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हापासून नवी मुंबईत भरावाची, गटारांची, रस्त्यांची कामे चालत आली. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मध्ये खांदेश्वर स्थानक लागते. त्या बाजूला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे, की खाडीची दलदल तेथून लांब नाही. जवळच उलव्याची टेकडी फोडून आणि नदीचे पात्र वळवून विमानतळाची जागा तयार केली गेली. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. मोठे काम उरकले की ठेकेदार जुनी मशिने विकायला काढतो. पिवळा रंग नवा मारलेला असतो. पण खाऱ्या हवेने आणि खाऱ्या चिखलाने जॅकच्या रॉडवर काय केले आहे, ते रंगाने झाकत नाही.

तेव्हा खांदेश्वर-पनवेलकडचे मशीन पाहायला गेलात, तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी सगळे जॅक पूर्ण बाहेर काढायला सांगा. बकेट जमिनीला टेकवून इंजिन बंद करायला लावा. मग रॉड कापडाने पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडकले, म्हणजे क्रोमला खड्डा पडला आहे. असा रॉड नव्या सीलची किनार कानशीसारखा खातो. सील किट आज टाकले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा गळती सुरू होते, आणि दोष मात्र सीलच्या कंपनीला दिला जातो. रॉड घासून नवे हार्ड क्रोम करावे लागते किंवा रॉडच बदलावा लागतो. तो खर्च सौद्यातच धरा. विकणारा म्हणेल, "अहो, नुसते सील आहे हो." त्याला आधी नख फिरवायला सांगावे.

जाता जाता एक गोष्ट. आपण कोणत्याही खोदयंत्राला जेसीबी म्हणतो, पण ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे आहेत. भारतात या कंपनीचे काम १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाले. मशीन कोणत्याही नावाचे असो, हायड्रॉलिकचे तत्त्व एकच आहे. ते एकदा नीट समजून घेतले की निम्मे निदान घरच्या घरी होते.

पंप दाब तयार करतो असा सर्वसाधारण समज आहे. तसे नाही. पंप फक्त तेल ढकलतो. दर मिनिटाला अमुक इतके लिटर. त्या तेलाला पुढे अडथळा आला की दाब चढतो. मोकळ्या चारीतले पाणी नुसते वाहते, पण मोटार चालू ठेवून व्हॉल्व दाबला की पाइप ताठ होतो, तसेच हे. १० सेंटिमीटर व्यासाच्या जॅकच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब आला, तर जोर होतो जवळजवळ पावणेबारा टन. एवढा जोर देणारे तेल बारीकशी फट मिळाली तरी तिकडून पळ काढते.

यावरून पहिला प्रश्न ठरतो : मशीन मंद झाले आहे की दुबळे झाले आहे? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बूम हळूहळू उठते पण वजन उचलते, तर तेल कमी पोहोचते आहे. रिकामी बूम झपकन उठते आणि माती भरली की अडते, तर दाब टिकत नाही. दुसरा प्रश्न असा, की दोष सगळ्या लेव्हरना आहे की एकाच? एकच जॅक दुबळा असेल आणि बाकीचे ठणठणीत असतील, तर पंपाकडे बघायचेसुद्धा कारण नाही. पंप एकच आहे, तो एका जॅकला जोर आणि दुसऱ्याला आळस देत नाही. ही एवढी चाचणी पाच मिनिटांची आहे, फुकट आहे, आणि ती न केल्यामुळेच पंप विनाकारण बदलले जातात.

सगळ्याच लेव्हर मंद असतील, तर टाकीपासून सुरुवात करावी. मशीन सपाट जागेवर, जॅक पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आणि इंजिन बंद ठेवून पातळी पाहावी. तेल दुधट दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात टाकीचे झाकण सैल राहिले की हे होते. फेस असेल तर हवा शिरते आहे. काळे आणि करपट वासाचे असेल तर तेल तापून निकामी झाले आहे. तेलाचा नंबर मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावा. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल काही ट्रॅक्टरांत एकच असते, पण सर्वांत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातले ओतू नये. आणि रॉकेलने टाकी धुण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्या. ते आत राहते, तेल पातळ करते आणि सील बिघडवते.

टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाची गंमत वेगळी आहे. तेथे गळती असली तरी तेल बाहेर पडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळे कोरडे, आणि पंप मात्र दगड भरडल्यासारखा वाजतो. अशा वेळी इंजिन हळू चालवून त्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर एकेक करून ग्रीस थापावे. पंख्यापासून आणि फिरत्या शाफ्टपासून हात नि कपडे दूर. ज्या जोडावर आवाज बदलला तोच जोड दोषी. आवाज चढा, शिट्टीसारखा असेल, तर टाकीतली जाळी किंवा फिल्टर चोंदला असण्याची शक्यता जास्त. जाळी काढल्यावर तिच्यात काय अडकले आहे ते नीट पाहा. रबराचे तुकडे सील किंवा होज सांगतात. पितळेचा, लोखंडाचा चमकता चुरा मात्र पंप सांगतो.

ट्रॅक्टरला जोडलेल्या खोदयंत्राचा पंप बहुधा पीटीओवर चालतो. तेथे पंपाआधी कपलिंग पाहा. आतले दाते झिजले की रिकामे असताना सगळे ठीक चालते आणि भार आला की शाफ्ट फिरतो, पंप थांबतो. इंजिनाचा आवाज उतरत नाही आणि बूमही हलत नाही, असे दिसले तर आधी संशय येथे घ्यावा. झटपट जोडायचे कपलर पूर्ण बसले नसतील तरी तेल अडते आणि तापते. ट्रॅक्टरच्या नांगर उचलण्याच्या हायड्रॉलिकवर खोदयंत्र चालवू पाहणारेही आहेत. ते तेल खोदयंत्राला सहसा पुरत नाही, मग मशीनला दोष देऊन उपयोग नाही.

रिलीफ व्हॉल्वबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीत परत सोडणारा हा व्हॉल्व. त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग तुटली की सगळे मशीन दुबळे होते. तो खोलून साफ करणे योग्य. पण "दोन आटे आवळून बघू" हे अजिबात करू नये. झिजलेल्या पंपाला त्याने बळ येत नाही. होज फुटते, नाहीतर जॅकचे सील बाहेर येते. दाबाचे घड्याळ चाचणीच्या जोडाला लावून, पुस्तिकेतला आकडा पाहूनच तो लावायचा असतो.

सकाळी मशीन उत्तम आणि दुपारी दुबळे, ही तक्रार वेगळी ओळखावी. तेल तापून पातळ झाले की झिजलेल्या भागांतून आतल्या आत निसटते. तेल, जाळी, कपलिंग आणि रिलीफ हे सर्व तपासून झाले असेल आणि तरीही असे होत असेल, तर पंपाचा प्रवाह मोजून घ्या. आकडा कमी आला तर पंप बदला, आमची हरकत नाही.

आता एकट्या जॅकचा दोष. बूम उभी ठेवली की आपोआप खाली बसते, तर मिस्त्री सील किट मागतो. पण तेल पिस्टनच्या सीलमधून जात असेल किंवा कंट्रोल व्हॉल्वच्या झिजलेल्या दांडीवरूनही. ओळखायचे असे : जॅक पूर्ण बाहेर निघेल आणि बकेट जमिनीवर विसावलेलीच राहील अशी स्थिती घ्यावी. इंजिन बंद करून लेव्हर दोन्ही बाजूंना हलवावी, म्हणजे दाब उतरेल. रॉडकडची होज सोडून तिच्या तोंडाला दाब सोसणारे बूच आवळावे आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवावा. सर्वांना बाजूला करून, हळू इंजिनावर जॅक बाहेर काढण्याच्याच बाजूला लेव्हर जरा धरावी. सुरुवातीला थोडे तेल येईल. धार चालूच राहिली तर सील गेले. धार थांबली, तर तो पिस्टन चांगला आहे आणि पुढचा संशय व्हॉल्ववर.

एक फसवा दोष होजचाही असतो. बूम खाली येते झटकन, वर जाते रडतरडत, आणि बाहेरून होज नवीसारखी. तिचा आतला रबरी थर सुटून पडद्यासारखा होतो. एका दिशेने तेल जाते, दुसऱ्या दिशेने अडते. होज अदलाबदल करून पाहिली की कळते.

गळती शोधताना बोट फिरवण्याची सवय आम्ही पुष्कळांना पाहिली आहे. हे जिवाशी खेळणे आहे. टाचणीएवढ्या छिद्रातून येणारी धार डोळ्यांना दिसत नाही आणि कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पहिल्या तासात फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत तेल पसरत असते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. पुठ्ठा धरून शोधा. तेल आत गेलेच, तर त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्वच्छ सांगा, की दाबाचे तेल आत गेले आहे. तसेच, नुसत्या जॅकवर तोललेल्या बूमखाली कोणी शिरू नये. आधी जमिनीवर टेकवावी, नाहीतर खाली मजबूत ठोकळे द्यावेत.

पावसाळ्यात मशीन उभे करताना जॅक जितके आत घेता येतील तितके घ्यावेत, आणि जे रॉड बाहेर राहतील त्यांना ग्रीसचा जाड थर द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी तो पुसून काढावा, कारण त्यात माती चिकटलेली असते. काढलेले जुने तेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. सील किट आणायला जाताना मशीनच्या पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून न्या, जुने सील पिशवीत टाका आणि रॉडचा व व्हॉल्वचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानदार जवळपासचे माप देऊ लागला तर ते घेऊ नका.