पायाखालची जमीन : लेखांक ६
गेरू किती फुटांवर लागला?

गारखेडा परिसरात कुठे बोअरची गाडी लागलेली दिसली तर थोडा वेळ थांबून बघा. आधी काळी माती येते, मग मुरूम, मग काळ्या कातळाची राखाडी भुकटी. आणि मध्येच बाहेर पडणारा चुरा एकदम विटकरी होतो. ‘गेरू लागला,’ म्हणतात. एक लाव्हा थंड झाला, त्याचा माथा उघड्यावर झिजून लाल झाला आणि त्यावर पुढचा लाव्हा पसरला. त्या दोन्हींच्या सांध्यातला हा थर. भ्रंश, म्हणजे जिथे खडक तुटून सरकलेत अशी भेग, शोधणाऱ्यांना दख्खनमध्ये याहून भरवशाची खूण क्वचितच मिळते.

मागच्या लेखांकात भूकंपमापकांबद्दल वाचलंत. हादरा कुठून आला हे ते सांगतात, पण पुढचा कुठून येऊ शकेल हे ठरवायला भ्रंशांचा नकाशा लागतो. भ्रंश किती लांब आहे, त्यावरून जास्तीत जास्त किती मोठा भूकंप होईल याचा अंदाज बांधतात. त्याचं अंतर आणि वाटेतली जमीन पाहून शहराला बसणारा धक्का काढतात. हे सगळं भ्रंश माहीत असेल तर. आपल्याकडे तो शेकडो मीटर बसाल्टखाली झाकलेला असतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली, तेव्हा नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १मध्ये होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर बसाल्ट संपल्यावर गाळाचा पातळ थर आणि त्याखाली पुरातन खडक लागला. शेतात जमीन जिथे फाटून उचलली गेली होती, तिथल्या छिद्रांतले लाव्हाचे थर जुळवून पाहिले तेव्हा एकच थर दोन बाजूंना सुमारे ६ मीटर वरखाली निघाला. त्या पहाटे जमीन उचलली गेली ती फार तर मीटरभर. मग बाकीचं अंतर कधी पडलं? आधीच्या भूकंपांमध्ये. थर साडेसहा कोटी वर्षांचे आणि सरकणं अवघं ६ मीटर, म्हणजे दोन भूकंपांमध्ये माणसाच्या आठवणीत मावणार नाही एवढा काळ जातो. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या तेरमध्येही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत.

उपग्रहाच्या चित्रांत सरळसोट नद्या आणि ओढे दिसतात, पण अशी प्रत्येक रेघ भ्रंश नसते. बरेचदा ती नुसती भेग किंवा डाईक (भेगेत थिजलेला लाव्हा) निघते. म्हणून जिथे रेघ ओढता येत नाही, तिथे अभ्यासक अख्खा पट्टाच भूकंपाचा उगम धरतात आणि मध्यम भूकंप त्यात कुठेही होऊ शकेल असं गृहीत धरून हिशेब करतात. माझ्या मते मराठवाड्यासाठी हाच प्रामाणिक मार्ग आहे. २००२च्या मानकात झोन १ रद्द होऊन झोन २मध्ये मिसळला. त्या मानकानुसार आपलं शहर झोन २मध्ये आलं, आणि झोन २चा अर्थ ‘इथे काही होत नाही’ असा लावणारे बिल्डर आणि घरमालक मला अजून भेटतात. २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५चा धक्का बसला, जुलैत जवळपास तेवढाच पुन्हा.

शहरात हजारो बोअर आहेत आणि प्रत्येकाने हे थर भेदलेत. चुरा मात्र कडेला पडून पावसात वाहून जातो. शेजारशेजारच्या बोअरमध्ये गेरूची खोली अचानक बदलली, तर कारण थराचा उतार असेल, लाव्हा तिथेच संपला असेल, क्वचित भ्रंशही असेल. एका बोअरवरून निकाल लागत नाही. पन्नास नोंदी शेजारी ठेवल्या तर कुठे खोल तपासायचं ते कळतं. तेव्हा यापुढे बोअर घ्याल तेव्हा गेरू किती फुटांवर लागला आणि किती जाड होता हे बिलाच्या मागेच लिहून घ्या, जागेचा गट किंवा प्लॉट नंबरही टाका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने या नोंदी गोळा करायला हव्यात, अशी माझी जाहीर मागणी आहे.

पुढच्या आठवड्यात : काळ्या मातीवरचं घर धक्क्यात कसं वागतं.