कुंपणातील प्रयोगशाळा आणि तासाचे भाडे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका विद्यार्थ्याच्या चौकशीसाठी तीन प्राध्यापकांची समिती नेमण्यात आली. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकाचा तीत समावेश झाला तो केवळ सेवाज्येष्ठतेमुळे. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षातील या मुलाने कार्यालयातील संगणकांची कोणती 'दारे' उघडी आहेत हे तपासणारा एक प्रोग्राम महाविद्यालयाच्या जाळ्यावर चालविला होता. दिवस परीक्षेचे अर्ज भरण्याचे. कार्यालयाचे काम अर्धा दिवस खोळंबले. मुलाने काही चोरले नव्हते, मोडलेही नव्हते. प्रयोग त्याच्या क्रमिक पुस्तकातलाच होता. "सर, मग हा प्रयोग करायचा कुठे?" एवढेच त्याने विचारले. समितीने त्याला लेखी समज दिली. त्याच्या प्रश्नाला मात्र समितीपाशी उत्तर नव्हते.

प्रकरण तेवढ्यावर निभावले हे त्याचे नशीब. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ अन्वये, परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायदा कडक असावा याबद्दल दुमत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेला विचारून मगच पैसे देण्याची जी मधली जोडणी असते, तिच्या जागी चोरांनी आपली बनावट जोडणी उभी केली, आणि अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून नोटा बाहेर पडू लागल्या. सहकारी बँका, पतसंस्था, नगरपालिका, आपली महाविद्यालयेसुद्धा आता संगणकावर चालतात. त्यांची राखण करणारी माणसे कोठून तरी तयार व्हावी लागणारच.

परंतु या विद्येची अडचण विलक्षण आहे. कुलूप कसे फोडतात हे हाताने केल्यावाचून कुलूप कसे करावे ते कळत नाही, आणि सराव करायचा तर दार कोणाचे? २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा रॉबर्ट मॉरिस नावाचा विद्यार्थी याच अडचणीत सापडला. एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम त्याने लिहिला आणि थेट खऱ्या जाळ्यावर सोडला. तो हळूहळू पसरावा अशी त्याची कल्पना होती. समोरच्या यंत्रात आधीच आपली प्रत आहे असे आढळले, तरी सातातून एकदा नवी प्रत करावी, असा हिशेब त्याने घातला होता. तो चुकला. त्या काळी जाळ्यावर असलेल्या सुमारे साठ हजार संगणकांपैकी सहा हजारांना फटका बसल्याचा अंदाज केला गेला. मॉरिस दोषी ठरला. पुढे तो मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रसंस्थेत प्राध्यापक झाला ही गोष्ट वेगळी. दहा संगणकांचे बंदिस्त जाळे हाताशी असते तर तो 'सातातून एकदा' किती महाग पडतो हे त्याला तासाभरात दिसले असते, असे माझ्या संगणक विभागातील सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

असे कुंपण आज स्वस्तात मिळते. 'क्लाऊड' हे नाव ढगाचे असले, तरी प्रत्यक्षात ती मुंबई-हैदराबादसारख्या शहरांतील प्रचंड संगणकगृहे असतात. त्यांतील एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक लहान आभासी यंत्रे निर्माण करता येतात आणि ती तासाच्या भाड्याने मिळतात. विद्यार्थी आपल्या साध्या संगणकावरून तेथे पोचतो. त्याला तीन यंत्रे दिली जातात: एक हल्ला करणारे, एक हल्ला सोसणारे, एक पहारा देणारे. तिघांचे जाळे आपसातच जोडलेले. बाहेर जाण्याची वाट बांधतानाच बंद केलेली. यंत्र पार मोडले तरी मूळ प्रतीवरून ते काही मिनिटांत पुन्हा उभे राहते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फुटलेल्या काचपात्राची भरपाई ज्याने दिली आहे, त्याला या सोयीचे मोल कळेल.

प्रयोगही नव्याने रचण्याची गरज नाही. सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक वेनलियांग डू यांनी २००२ पासून तयार केलेले 'सीड' प्रयोग कोणत्याही शिक्षकाला विनामूल्य उपलब्ध आहेत. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' प्रकल्पात अनेक विषयांचे प्रयोग पडद्यावर करता येतात. ते उपयुक्त आहेत, यात शंका नाही. मात्र चित्ररूप प्रयोगात चुकण्याच्या वाटा रचणाऱ्याने आधीच ठरविलेल्या असतात. भाड्याच्या यंत्रावर विद्यार्थी आपल्या बुद्धीने चुकतो, आणि या विषयात ते फार महत्त्वाचे आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो. लहान यंत्राचे भाडे सोयीसाठी तासाला चार रुपये धरू. साठ विद्यार्थी, प्रत्येकी तीन यंत्रे, दोन तासांचे एक प्रात्यक्षिक: खर्च १,४४० रुपये. सत्रात अशी बारा प्रात्यक्षिके झाली तर १७,२८० रुपये. प्रयोगशाळेच्या मानाने ही रक्कम किरकोळच. परंतु तास संपल्यावर ती १८० यंत्रे बंद करण्यास कोणी विसरले, तर एका अहोरात्रीचे बिलही नेमके १७,२८० रुपयेच होते. सबंध सत्राचा खर्च एका रात्रीच्या विसराळूपणात जातो.

आमची व्यवस्था खरेदी जाणते, भाडे जाणत नाही. पाच लाखांचे संगणक घ्यायचे असतील तर निविदा, तुलनात्मक तक्ता, डेडस्टॉक रजिस्टरातील नोंद असा मळलेला रस्ता आहे; ते संगणक पुढे धूळ खात पडले तरी लेखापरीक्षक हरकत घेत नाही, कारण मोजायला वस्तू जागेवर असते. दरमहा कमीजास्त होणारे, संध्याकाळी काहीच शिल्लक न ठेवणारे बिल मंजूर कसे करायचे? शिवाय संगणकाचे वर्ग बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे हा भार अखेर मुलांच्या शुल्कावरच. कंपन्या विद्यार्थ्यांना काही रकमेची सवलत देतात खरी, पण दुकानदाराने दिलेल्या मापानेच मोजायची सवय लावून घ्यावी का, हा विचार विद्यापीठांनी करावा.

त्याहून अवघड गोष्ट शिक्षकाची. कुंपण बांधणे, मुलांनी मोडलेले पाहणे, रात्री यंत्रे बंद झाली की नाही याची खात्री करणे, ही कामे कोणाकडे जातात? तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाकडे. त्याला मोबदला मिळतो तो वर्गावरील तासांचा. तयारीचे तास कोणत्याही बिलात बसत नाहीत. यंत्राचा प्रत्येक तास मोजला जातो, याचे अर्धे तास मोजलेच जात नाहीत. या स्थितीत प्रयोगशाळा पहिल्या सत्रानंतर बंद पडली तर आश्चर्य वाटू नये.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र भाडे भरण्याऐवजी विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी एकच प्रयोगशाळा भाड्याने घ्यावी. वेळापत्रक फिरते ठेवावे, खर्चाला कमाल मर्यादा घालून ठरलेल्या वेळी यंत्रे आपोआप बंद होण्याची व्यवस्था करावी, आणि ती सांभाळण्यासाठी दोन-तीन पूर्णवेळ माणसे नेमावीत. तालुक्याच्या महाविद्यालयाला मग चांगली इंटरनेट जोडणी आणि साधे संगणक एवढेच पुरेल.

दरम्यान, आमच्या संगणक विभागाने एका सत्राच्या भाड्यासाठी वीस हजार रुपयांचा प्रस्ताव प्राचार्यांकडे पाठविला. परवा तो कार्यालयातून परत आला. समासात लाल शाईने शेरा होता: "सदर वस्तू कोणत्या रजिस्टरात नोंदवावी, याचा खुलासा व्हावा."