घोरपड : तिचे कूळ व तिची ओळख

पावसाळा सुरू झाला की घोरपड शिवारात अधिक दिसू लागते, आणि पुष्कळ गावांत तिच्यामागे काठ्या घेऊन माणसे धावतात. तिच्या पिलाची तर अधिकच धास्ती असते. पिलाच्या अंगावर पिवळसर ठिपके व गडद आडवे पट्टे असल्याने ते निराळेच विषारी जनावर समजले जाते. उत्तर भारतात त्याला ‘बिसखोपडा’ असे स्वतंत्र नावही मिळाले आहे. वस्तुतः वाढत्या वयाबरोबर हे पट्टे फिके पडतात व तीच भुरकट घोरपड होते.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये या जातीचे वर्णन ‘तुपिनांबिस’ या नावाखाली केले. ते नाव आता दक्षिण अमेरिकेतील सरड्यांकडे राहिले असून आपली घोरपड ‘वॅरानस बेंगालेन्सिस’ म्हणून ओळखली जाते. नाव बंगालचे असले तरी महाराष्ट्रात सर्वत्र आढळते ती हीच. भारतात वॅरानस प्रजातीच्या आणखी तीन जाती आहेत : राजस्थानकडील वाळवंटी, गंगेच्या खोऱ्यातील पिवळी आणि पूर्वेकडील पाणघोरपड. जीभ सापासारखी दुभंगलेली असली तरी तिला सापाचे विषदंत नाहीत. मात्र चावल्यास जखम साबणाने धुवून डॉक्टरांस दाखवावी.

शेपटी धडाहून लांब व दोन्ही बाजूंनी चपटी असते. पालीची शेपटी तुटून पुन्हा येते, घोरपडीची येत नाही. म्हणून शेपटीस धरून तिला बिळातून ओढणे म्हणजे तिला कायमचे अधू करणे होय.

भुंगेरे, अळ्या, विंचू, खेकडे, उंदीर, अंडी व मेलेली जनावरे हे तिचे खाद्य आहे. कोंबडीची अंडी व पिलेही ती पळविते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यास उपाय खुराड्याचा : रात्री दार घट्ट लावावे आणि तळाशी बारीक जाळी बसवावी.

बाजारात ‘हत्थाजोडी’ नावाने विकली जाणारी, हात जोडल्यासारखी दिसणारी मुळी धनप्राप्तीसाठी घरात ठेवतात. अशा पुष्कळ ‘मुळ्या’ म्हणजे नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड असल्याने ती मारणाऱ्यास, तसेच असा अवयव बाळगणाऱ्यासही किमान ३ वर्षांचा कारावास होऊ शकतो. घोरपड घरात शिरल्यास वा कोरड्या विहिरीत अडकल्यास वनरक्षकास कळवावे.