पंखा घरघरला म्हणून संगणक भंगारात टाकू नका

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. वाडी रत्नागिरीच्या पायऱ्या, छपरे, माणसे सगळी गुलाबी होऊन जातात. डोंगराच्या पायथ्याला आमच्या वस्तीत मुलांसाठी वर्गणीतून चालणारी अभ्यासिका आहे. तिथे एक जुना संगणक आहे. यात्रा उरकून आठ-पंधरा दिवस झाले आणि तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. पुढे अर्ध्या तासात अडकून बसू लागला. नेमके मुलांचे प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरायचे दिवस! दुरुस्तीवाल्याने कव्हरही न उघडता सांगितले, "बोर्ड गेलाय, नवीन घ्या."

वर्गणीच्या वहीत तेवढे पैसे कुठले? मी पडलो वाणिज्य शाखेचा कारकून. पण बारावीच्या दोन मुली म्हणाल्या, "काका, आधी उघडून तर बघू." उघडले, तर आत गुलाबी धुळीचा थर!

आवाज नक्की कुठून येतो ते कागदाची नळी कानाला लावून ऐकले. संगणकाची मुख्य पाटी म्हणजे मदरबोर्ड. त्यावरच्या एका तापणाऱ्या चिपवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर जेमतेम 40 मिलिमीटरचा पंखा. पंखा लहान असला की पुरेसा वारा घालायला त्याला फार वेगाने फिरावे लागते, म्हणून तो लवकर झिजतो. धूळ शिरली, बेअरिंगमधले तेल सुकले की घरघर सुरू होते. उद्यमनगरात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगायला नको! पंखा मंदावला की चिप तापते आणि संगणक अडकतो. म्हणजे बोर्ड गेलेला नव्हता, पंखा थकला होता.

आधी पंख्यामागचे गोल लेबल उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला. आवाज थांबला, पण थोडेच दिवस. (खोबरेल मात्र घालू नका, ते थंडीत गोठते.) मग जुना पंखा नमुना म्हणून दुकानात नेला. त्याच मापाचा, स्क्रूच्या भोकांचे अंतर तेच असलेला, 12 व्होल्टचा, तीन तारांचा पंखा आणला. दोन तारा विजेच्या आणि तिसरी पंख्याचा वेग बोर्डाला कळवणारी. नव्या संगणकाच्या तुलनेत खर्च अगदी किरकोळ.

बदलताना हे पाळावे : प्लग काढावा आणि चालू करायचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. संगणकाच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. मऊ ब्रशने धूळ झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. तारेचा जोड ओढताना तार नव्हे, टोपी धरावी. वाऱ्याची दिशा जुन्या पंख्यासारखीच ठेवावी. ठोकळा चिपवरून सुटलाच, तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी थोडीशी लावावी. जिथे मेन वायर जाते तो पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि आवाज नको म्हणून पंखा काढून संगणक तसाच चालवणे, हा तर बोर्डाचा घातच.

एका मुलीने टॉर्च धरला, दुसरीने चार स्क्रू आवळले. बटण दाबले. अभ्यासिकेत इतकी शांतता, की चालू झाला की नाही तेच कळेना! त्याच आठवड्यात त्या दोघींनी आपले अर्ज त्याच संगणकावर भरले.

आता यात्रेच्या दिवसांत आम्ही संगणक बंद करून चादरीने झाकतो. एरवी तो जमिनीवर नव्हे, टेबलावर असतो आणि दर सहा महिन्यांनी मुलेच त्याची धूळ काढतात. पालकांना एकच सांगणे : "बोर्ड गेला" असे कुणी म्हणाले, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी कव्हर उघडून बघा. आणि पाना मुलीच्या हातात द्या.